होडीच्या सागाचे टेबल

अण्णा,

टेबलावर काळा रंग तुम्ही चढवून घेतला नव्हता. धाकट्याने परवा तुमच्या नातीच्या साखरपुड्यात चार माणसांसमोर तसे सांगितले, म्हणून प्रथम एवढे दुरुस्त करतो. तो रंग त्याने स्वतः, स्वतःच्या लग्नासाठी लावला. तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष झाले होते. आता अंधेरीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये पुन्हा तोच हट्ट. "दादा, अण्णांनाच ते फिकट लाकूड आवडायचं नाही ना. डार्क वॉलनट मारू, सोफ्याला मॅच होईल." गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली आवड घालणे, याला मी खोटेपणा म्हणतो. हलक्या लाकडाला सागाचे सोंग देण्यासाठी रंग असतो. सागाला कोणाचे सोंग द्यायचे?

मला तो रविवार स्वच्छ आठवतो. आपल्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींची जुनी होडी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मोडायला काढली आहे. तुम्ही कचेरीच्या इस्त्रीच्या सदऱ्यात वाळूवर उकिडवे बसता आणि एकेका फळीवरून तळहात फिरवता. वर्षानुवर्षे मुशी माशाच्या तेलाचा हात घेतलेला साग, खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंडाची काळी वर्तुळे. सुतार भोके बुजवू म्हणतो. "राहू देत," तुम्ही म्हणता, "आता कुठे पाणी शिरणार आहे?" टेबल घरी आले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मासळी ताटात हवी, ताटाखाली नको." तरीही पारदर्शक पॉलिशखेरीज तुम्ही त्यावर काही लावू दिले नाही.

काल पॉलिशवाल्याने गॅलरीत तो काळा थर घासून काढला. खालची वर्तुळे जशीच्या तशी दिसू लागली. "काका, स्टेन की क्लिअर?" त्याने विचारले. क्लिअर, मी म्हणालो. धाकटा म्हणाला, "वास येईल, दादा. तेव्हासुद्धा यायचा, म्हणून तर रंग मारला." कधीही येत नव्हता, असे मी त्याला खडसावले.

तेव्हा क्रम शुद्ध असावा. टेबल आले ते मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना. धाकटा सांगतो तसे त्याच्या मुंजीत नव्हे. पारदर्शक पॉलिश झाले त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी. तुम्ही गेलात त्या वर्षी ते तसेच होते. काळा रंग त्याच्या पुढल्या वर्षी. तो उतरला काल. क्लिअरचा पहिला हात उद्या. आणि आज सकाळी उघड्या लाकडाजवळ चहा घेताना कळले, वास येतो, अण्णा. धाकट्याला सांगितलेले नाही. तिथेच बसून दुसरा कप घेतला.