तीन पिना

रवि., १४ सप्टें.

जळगाव. सकाळच्या बसनं गेले, चारला धुळ्यात परत. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन कांड्या, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड आधीच घेतलेलं, दोन महिने कपाटात पडून आहे.

दुकानदारानं यादी वाचली. "ताई, भावाला सोबत आणायचं ना. काय काय खेळणार ते त्यानंच सांगितलं असतं."

"मी खेळणार आहे."

त्यानं यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग रंगीत दिव्यांचे पंखे काढले, समोर काच असलेलं कॅबिनेट काढलं. म्हटलं, समोर जाळी हवी. मे महिन्यात आमच्या माडीवर पंखाही गरम हवा फेकतो, काचेमागे कार्ड भाजून निघेल. "पण मॅडम, शोभा..." शोभेसाठी घेत नाहीये. (दिव्यांचे पंखे नको म्हटल्यावर ताईची मॅडम झाले.)

पॉवर सप्लाय गरजेपेक्षा एक पायरी वरचा. गल्लीतलं व्होल्टेज आठवडाभर मोजलंय. संध्याकाळी फार खाली जातं.

मंगळ., १६

आबा, म्हणजे वडील, वर आले. खाली दुकानात मोटारी रिवाइंड करतात, जळलेली तार काढून नवी वेढतात. घरात कुठलंही नवं यंत्र आलं की आधी उचलून पाहतात. पॉवर सप्लाय दोन्ही हातांत तोलला. "वजनदार शे. माल चांगला शे."

म्हटलं, वजनावरून कळत नाही आबा, आत तुमच्यासारखं वाइंडिंग नसतं.

"बरं."

(नंतर शोधलं. वजनावरून बऱ्यापैकी कळतं. हलका तो बहुधा वाईट. आबांना सांगितलं नाही.)

माझी हत्यारं पाहिली. चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, मनगटावर बांधायचा पट्टा. पट्ट्याची वायर कॅबिनेटला जोडतात, म्हणजे अंगावरची स्टॅटिक वीज बोर्डात जात नाही. हे समजावलं. आबा म्हणाले, "कोण पळी जाई म्हनीसन बांधस? यंत्र का तू?"

आई हसली. मीही थोडं.

जाताना दारात थांबून म्हणाले, "एखादा स्क्रू मी लावू का?"

"नंतर, आबा."

रवि., २१

दुपारी जेवणाच्या टेबलावर काम. प्रोसेसर बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसवला. कूलर बसवायला गेले तर खोक्यात त्याला धरून ठेवणारी, या सॉकेटची पट्टीच नाही. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, बसनं पाठवतो. कूलरशिवाय प्रोसेसर तसाच ठेवणं बरोबर नाही. काढला, सॉकेटवर टोपण लावलं, बोर्ड परत पिशवीत, पिशवी खोक्यात.

उद्यापासून आठवडाभर नरडाण्याला, कारखान्यात. लाइन दोनचा सेन्सर पुन्हा त्रास देतोय.

शनि., २७

पट्टी आली. वेळ नाही. कंपनीची बस आज सव्वासातला घरी पोचली.

बुध., १ ऑक्टो. खंडेनवमी

ड्यूटीवरून आले तर दुकानात पूजा मांडलेली. वाइंडिंग मशीन, तार गुंडाळायचे फर्मे, इन्सुलेशन तपासायचा मेगर, पकडी, पाने, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू, झेंडूची फुलं. दरवर्षीचंच. रांगेत शेवटी माझ्या मदरबोर्डचं खोकं. उघडं. आतल्या चंदेरी पिशवीवर कुंकवाचं बोट, वर फूल.

म्हटलं, "हे कुणी आणलं?"

"तुन्हं बी हत्यारच शे ना," आबा म्हणाले. "बठ्ठासमा बसू दे." सगळ्यांच्यात.

न विचारता का आणलं, म्हटलं. कुंकू, पाणी, दुकानातली तांब्याची चुरी. एक कण आत गेला तरी पुरे. आबा म्हणाले, उद्या सकाळी घे, आज पूजेतलं उचलत नाहीत.

उचललं नाही. पण मी बोलले बरंच. रतन आला होता, आबांकडे शिकलेला, आता शिंदखेड्याला स्वतःचं दुकान आहे. प्रसादाची वाटी घेऊन खाली बघत बसला होता.

गुरु., २. दसरा

सकाळी खोकं वर आणलं. दुपारी सगळं जोडलं. वायरी मागच्या बाजूनं नेल्या, पट्ट्यांनी बांधल्या. नीट झालंय.

चालू झालं. पण रॅम अर्धीच दिसते. कांड्या अदलाबदल केल्या. एका बाजूचे रॅमचे दोन स्लॉट मेलेले.

रवि., ५

प्रोसेसर काढून भिंगाखाली सॉकेट पाहिलं. डाव्या कडेच्या तीन पिना वाकलेल्या. केसाएवढ्या असतात त्या.

जेवताना विचारलं. जसंच्या तसं लिहिते.

"आबा, पूजेच्या दिवशी तुम्ही खोकं उघडलं होतं?"

"उघडं. कुंकू लावं."

"आत बोट लागलं असेल."

त्यांनी घास ताटात ठेवला. "नही लागनं मन्हं."

"मग पिना कशा वाकल्या?"

त्यांनी उजवा हात पालथा करून पाहिला. बोटं जाड, दोन नखं वॉर्निशनं कायमची पिवळी. "लागनं व्हई," म्हणाले. "आते समजत नही माले."

मी म्हणाले, "हे तुमच्या हातांचं काम नाही, आबा."

आई नंतर म्हणाली, इतकं बोलायची काही गरज होती का? म्हटलं, जे आहे ते सांगितलं.

बुध., ८

वाकलेल्या पिनांना वॉरंटी नाही, दुकानदार फोनवर. अपेक्षित होतं. साहेबांना विचारून बोर्ड कंपनीच्या लॅबमध्ये नेला. तिथे सूक्ष्मदर्शक आहे. जेवणाच्या सुट्टीत बारीक सुईनं तिन्ही पिना सरळ केल्या. हात अजिबात हलला नाही.

घरी जोडलं. पूर्ण रॅम दिसते.

आबांना सांगितलं, झालं दुरुस्त. म्हणाले, "चांगलं व्हयनं," आणि टीव्हीकडे वळले. टीव्ही बंद होता.

रवि., १२

दोन तास खेळले. हवा होता तेवढा वेग मिळतो, तापमान मर्यादेत, पंख्यांचा आवाज जवळजवळ नाही. यासाठी दोन वर्षं थांबले होते. कॉलेजला असताना होस्टेलवर दुसऱ्यांच्या कंप्युटरवर त्यांना नको असलेल्या वेळी खेळायचे. आज कोणी उठवणारं नव्हतं. तरी दोन तासांनी उठले.

खाली आवाज ऐकला. एक शेतकरी विहिरीवरची मोटार घेऊन आलेला. आबा त्याला म्हणत होते, शिंदखेड्याला रतनकडे ने.

"आबा, या मोटारले तुमनाशिवाय कोणी हात लाया नही."

"हात आते भरवशाना ऱ्हायना नही, नाना."

तो म्हणाला, "मंग मोटार तरी कुठं तरनी शे?" दोघं हसले. मोटार तरी परत गेली.

आईला विचारलं. म्हणाली, या आठवड्यातली ही तिसरी. पहिली मंगळवारी परत पाठवली.

मंगळवार म्हणजे ७. मी बोलले ५ ला.

बुध., १५

फोनमध्ये जागा नव्हती. जुने फोटो पुसत होते. कुठल्याही जोडणीचा प्रत्येक टप्प्याचा फोटो काढते, कामावरची सवय. २१ सप्टेंबर, दुपारी ३.४२. रिकामं सॉकेट, टोपण लावण्याआधीचं.

मोठं करून पाहिलं. पिनांच्या रांगा सारख्या चमकतात. डाव्या कडेला तीन ठिपके वेगळे.

आता आठवतं. काढताना एका कोपऱ्यावरून बोट निसटलं, प्रोसेसर तिरका होऊन परत आत टेकला. लगेच उचलला. काही झालेलं नाही असं ठरवलं. २१ च्या नोंदीत हे नाही. पट्टी मिळाली नाही हे आहे, दुकानदाराचा फोन आहे, हे नाही.

म्हणजे खंडेनवमीच्या दहा दिवस आधी.

शुक्र., १७

आणखी एक. दसऱ्याला ती चंदेरी पिशवी मीच उघडली. तोंडाची चिकटपट्टी मी लावली होती तशीच होती, कुंकू बाहेरून. ५ तारखेला हे मला माहीत होतं. आठवत नव्हतं असं नाही. माहीत होतं आणि तरी विचारलं, बोट लागलं असेल. कारखान्यात कोणी असा तपास केला असता तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता.

पंधराला कळलं. आज सतरा. अजून सांगितलेलं नाही. कारण लिहिता येत नाही.

रवि., १९

खाली गेले, सांगायचं म्हणून. आबा स्टुलावर, समोर वह्या. कुठल्या मोटारीला किती वेढे, कुठली तार, सगळं त्यांच्या अक्षरात. म्हणाले, "रतनले दी देस या. वाइंडिंग मशीन बी तोच ली जाई. दिवाळी व्हवू दे, पुढला रविवारी गाडी लई येस."

"मशीन कशाला?"

"ठीसन काय करू? दुकान आते गोदाम करू. तुन्ही माय कव्हयनी म्हनस." आई केव्हापासून म्हणतेय, खरं आहे.

मी म्हणाले, विचार करा. एवढंच. "पिना मी वाकवल्या," हे तीन शब्दांचं वाक्य आहे. वर येऊन जेवले.

मंगळ., २१

दिवाळी. आबांनी पूजेला सगळं आणून दिलं आणि समई मला लावायला सांगितली. दरवर्षी ते लावतात. काडी धरताना हात थरथरेल म्हणाले. मी पाहिलं, अजिबात थरथरत नव्हता.

त्यांना तसं वाटतं. ते त्यांच्या मनात मी घातलंय.

शनि., २५

सांगितलं.

आबा फर्मे वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी उभ्यानंच म्हणाले, "आबा, पिना मी वाकवल्या. पूजेच्या आधी. प्रोसेसर काढताना माझं बोट निसटलं. तुम्ही पिशवीसुद्धा उघडली नव्हती."

ते गुंडाळत राहिले. सुतळी बांधली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, माय. मन्हं मन राखाले सांगी ऱ्हायनी तू."

मी कोणाचं मन राखायला बोलत नाही, म्हटलं.

आई जिन्यातून: "ती कोणाचं मन राखते का कधी? जन्मात नाही."

आबा हसले. बऱ्याच दिवसांनी. "तेच ते. पहिलांदा राखी ऱ्हायनी, म्हनीसन जमी नही ऱ्हायनं तिले."

फोनवर फोटो दाखवला. चष्मा काढून, लावून पाहिला. "माले काय दखाई त्यामा? ठिपका शेतस बठ्ठा." फोन परत दिला.

२६ वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही. एकदाच, ५ तारखेला, तेही खोटं म्हणून नाही. आता खरं बोलते तर ते लाडानं खोटं धरतात. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

रवि., २६

स. ७ ला आबांना वर बोलावलं. पडद्यावर फोटो मोठा करून ठेवला होता. एक पीन हाताच्या बोटाएवढी दिसेल इतका. खुर्ची दिली. ते बसले नाहीत, पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. बारीक कामाकडे पाहतात तसे, मान थोडी तिरकी. एक-एक रांग. तिसऱ्या पिनेवर बोट ठेवलं. "हाई बी?"

"हो. या तीन."

"हाऊ फोटो कव्हयना?"

कोपऱ्यातली तारीख दाखवली. २१ सप्टेंबर, ३.४२.

ते ती तारीख बराच वेळ वाचत राहिले. मग विचारलं, "तारीख बदलता येस का यानी?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांनी मानलं असतं, अशा बाबतीत माझा शब्द घेतात.

"येते," मी म्हणाले. "पण मी बदललेली नाही."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली, माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाले. आणि खाली गेले. अंघोळीला की दुकानात, कळलं नाही.

रतन साडेनवाला गाडी घेऊन आला. वह्या, फर्मे, तारेची रिळं चढवली. आबा बाजूला उभे. मशीन फरशीला चार बोल्टांनी बसवलेलं आहे. रतननं दोन खोलले. मी जिन्यावर होते. तो म्हणाला, "आबा, आते मशीन ली जाऊ ना? मंग रडशात नही ना मन्हा नावनं?"

आबा पुढे झाले, त्याच्या हातातून पाना घेतला आणि मशीनजवळ स्टूल ओढून बसले. रतननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, कुठल्याही बाजूनं. ठरवणं माझं नव्हे.

चहा टाकायला म्हणून वर आले. आई टाकते आहे. हे लिहितेय.

आता पावणेअकरा. खालून अजून काही आवाज नाही. बोल्ट खोलायचा आवाज मला ओळखू येतो, आवळायचाही. दोन्ही वेगळे असतात.