पहिल्या पंगतीतली पत्रावळ

मी, पंचफुला, कै. रघुनाथराव कळंबे यांची पत्नी, वय सुमारे अठ्ठावन्न, धंदा शेती व संत्र्याची बाग, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हतं असं मानणारे काही लोक गावात आहेत, त्यांनी हा कागद शेवटपर्यंत वाचावा. माझ्यावर कुणाचा धाक नाही, दडपण नाही, कुणी मला भुलवलेलं नाही. तब्येत उत्तम आहे. आज सकाळीच बागेला पाणी सोडून आले. मरायची मला घाई नाही, पण असे कागद घाईत लिहिले की त्यात भांडणं राहून जातात, म्हणून सवडीनं बसले आहे.

तहसीलीत आता कागद हिंदीत मागतात, कारण आमचं राज्य भोपाळचं झालं आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. राज्य बदललं म्हणून माझी भाषा बदललेली नाही. कारकुनाला हिंदीत पाहिजे असेल तर त्यानं करून घ्यावं.

मिळकतीचा हक्क माझा कसा, ते आधी लिहिते. माझे पती आणि धाकटे दीर यशवंतराव यांची वाटणी पतींच्या हयातीतच झाली. सावरगावची शेती यशवंतरावांकडे गेली. रामाकोन्याची बाग आणि सौंसरचं घर आमच्याकडे आलं. पती वारले तेव्हा आम्हाला विजया ही एकच मुलगी होती. तेव्हापासून यशवंतराव म्हणत आले की वहिनीनं जिवंत आहे तोवर खावं, तिच्यामागं बाग भाऊबंदांकडे यायची. तेव्हाचा कायदाही जवळपास तसाच होता, हे मी कबूल करते. पण छप्पन सालच्या कायद्यानं विधवेचा हक्क पुरा झाला. वकील श्रीधरपंतांनी तो कायदा मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा मला समजला, दुसऱ्यांदा ऐकायला बरं वाटलं म्हणून वाचायला लावला.

तर बाग, विहीर, पाण्याचं इंजिन, गोठा आणि बागेलगतचा मुरमाड पडीक पट्टा, हे सर्व माझ्यामागं माझी मुलगी विजया हिचं पूर्ण मालकीचं राहील. त्या पट्ट्यात कुणीही झाड लावू नये, कुंपण घालू नये, गुरं बांधू नयेत. विजयाचं विमान तिथं उतरतं. विमान तिचंच आहे, त्यामुळं ते मी देण्याचा प्रश्न नाही. ते घेताना माझ्या पाटल्या मोडल्या, त्याची भरपाईही मला नको. लढाई संपल्यावर सरकारनं विकायला काढलेलं ते दोन जागांचं विमान आहे, वर छप्पर नाही. मास्तरीण होईल म्हणून मुलीला नागपूरला शिकायला ठेवलं आणि ती विमान शिकली. आज ती तिथं दुसऱ्यांना शिकवते, आणि तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष तिला बाई म्हणून वाकून नमस्कार करतात. मी पाहिलं आहे. तिचं लग्न झालेलं नाही. त्याबद्दल ज्यांना बोलायचं होतं त्यांचं बोलून झालेलं आहे.

सौंसरचं घर विजयाचंच, पण मागची खोली कलाबाईंनी हयातभर वापरावी. त्या माझ्याकडे कामाला आल्या आणि मैत्रीण होऊन राहिल्या. त्यांना कुणी उठ म्हणू नये. पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड त्यांना. पतींची कोटाची घड्याळं, दोन्ही बंद, यशवंतरावांना. भावाची आठवण भावाकडे असावी.

माझा कलमाचे डोळे बांधायचा चाकू यशवंतरावांचा मुलगा हेमंत याला द्यावा. संत्र्याचा डोळा खुंटावर भरायला जो हलका हात लागतो तो आमच्या सगळ्या घराण्यात त्याला एकट्याला आहे. मी त्याला बाग देत नाही, कारण ती विजयाची आहे. पण त्यानं येऊन शिकावं, कलमं न्यावीत, विजयानं नाही म्हणू नये. बापामुळं पोरावर राग धरायचा माझा स्वभाव नाही. बापावर मात्र होता, आणि तो का, हे आता लिहिते.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. पौषातल्या एका रविवारी सावरगावला, जाम नदीपलीकडच्या मूळ वावरात, देवाला रोडग्यांचा नैवेद्य होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, तूप आणि गूळ. पहिल्या पंगतीत घराण्यातल्या जमीनधारकांच्या पत्रावळी मांडतात, एकेकाच्या नावाची. नैवेद्य दाखवला जाईपर्यंत जो आपल्या जागी बसला नाही त्याची पत्रावळ उचलून गाईपुढं ठेवतात. त्या वर्षी घराण्याच्या कुठल्याही गोष्टीत त्याला बोलायचा अधिकार नसतो. पती गेल्यावर मी जेवायला गेले तर त्यांच्या नावाची पत्रावळच मांडलेली नव्हती. यशवंतराव म्हणाले, "वयनी, तुमी बायाइच्या पंगतीत बसा." मी न जेवता परत आले आणि पुन्हा गेले नाही.

मग तो कायदा आला. मी निरोप धाडला, की यंदा माझी पत्रावळ मांडा, मी आता मालक आहे. घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी ते मान्य केलं. यशवंतरावांनाही चारचौघांत नाही म्हणता येईना. त्यांनी दुसरी युक्ती केली. आमच्यात आवतनाशिवाय कुणी कुणाकडे जेवायला जात नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. ते आवतन त्यांनी वेळेवर धाडलंच नाही. नवी राज्यं झाली त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. विजया सुट्टीला आली होती, आम्ही बागेतच मुक्कामाला होतो. नैवेद्याच्या दिवशी सकाळी, सावरगावकडे नेणारी पांढुर्ण्याची गाडी निघून गेल्यावर, आवतन सांगणारे म्हातारे बापूजी दारात येऊन उभे राहिले. त्यांना मान वर करवेना.

"बाई, मले आजच पाठोलं. काल मी म्हनलं होतं का जातो, तर मालक म्हनले, कायची घाई हाये. आता तुमी कशा पोचान?"

मी खाली बसले. खरं सांगते, मला रडू आलं. रागानं आलं, पण रडूच ते. आवतन आलेलं होतं, पत्रावळ मांडलेली असणार होती, आणि साऱ्या घराण्यासमोर ती गाईपुढं जाणार होती. पुढच्या वर्षी यशवंतराव म्हणाले असते, मांडली होती की, त्याच आल्या नाहीत.

विजया चहा पीत होती. ती म्हणाली, "माय, लुगडं बदलून घे. वर लय थंडी असते."

"मी नाई बसत त्याच्यात."

"मंग पत्रावळ गाय खाईल. गाईले रोडगे आवडतात." एवढं बोलून ती पट्ट्याकडे निघून गेली.

शेवटी मी विमानात बसायचं ठरवलं. बापूजींना सांगितलं, तुम्ही इथंच जेवा, कलाबाईंनी भाकरी टाकल्या आहेत. विमानाचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करावं लागतं. तो मीच फिरवला. विहिरीचं इंजिन इतकी वर्षं मीच चालू करत आले होते, हँडल कसं मारायचं आणि हात कधी काढून घ्यायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या सालदारानं चाकांपुढचे दगड ओढले. नऊवारीचा काष्टा आवळून मी पुढच्या जागेवर चढले, तेव्हा तेलाचा एक मोठा डाग पदरावर पडला. ते लुगडं ट्रंकेत तळाशी आहे. ते धुऊ नये आणि कुणाला देऊ नये, माझ्यासोबत जाळावं.

वरची हकिकत थोडक्यात लिहिते, कारण ती मी इतक्यांदा सांगितली आहे की ऐकणारे मला पाहून रस्ता बदलतात. थंडी अशी की दात वाजत होते. खाली कन्हानवर धुकं होतं, मग कापसाची वावरं, संत्र्याच्या बागांच्या ओळी, बैलगाड्या. मला भीती वाटली नाही. वाटेल असं मला वाटलं होतं, पण वर गेल्यावर एकच विचार मनात आला, की माझ्यामागं बसून हे सगळं जी चालवते आहे ती माझी मुलगी आहे. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू येणार नाही म्हणून मी ते मोठ्यानं ओरडून म्हटलं. उतरल्यावर तिनं सांगितलं की ऐकू आलं होतं.

सावरगावच्या गोठणीची जागा सपाट आहे. विजयानं आधी खालून एक फेरी मारून गुरं हुसकावली. उतरायला वारा कुठून आहे ते समजावं लागतं. आमच्या वावरात रोडग्यांच्या गोवऱ्यांचा धूर निघत होता, तो बघून तिनं विमान फिरवलं. म्हणजे यशवंतरावांनी पेटवलेल्या जाळानंच आम्हाला वाट दाखवली. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं, आता लिहूनही ठेवते.

मी वावरात पोचले तेव्हा सगळी पंगत उठून उभी होती आणि पोरं विमानाकडे पळत सुटली होती. यशवंतराव माझ्या पत्रावळीवर वाकलेले होते, उचलायच्या बेतात. मला बघून त्यांनी हात मागं घेतला.

"वयनी, तुमी कशा काय आल्या?"

"आवतन आलं म्हून आली."

मी पत्रावळीवर बसले. नैवेद्य झाला. यशवंतराव स्वतः तूप वाढायला आले, आणि वाढताना त्यांचा हात आखडला नाही, हे न्यायानं लिहिलं पाहिजे. मी म्हटलं, "माझ्या शेजारी एक पत्रावळ मांडा. विजया येऊन राहिली." त्यावर ते म्हणाले, "तुमचं कायद्यानं झालं वयनी. पोरीचं काय हाये त्याच्यात? तिले बायाइत बसू द्या." विजयानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बायकांच्या पंगतीत गेली. म्हणाली, "माय, जेवाले आलो ना आपन, जेव मंग." ज्या मुलीनं मला आभाळातून त्या पंगतीत आणून बसवलं ती शेवटच्या पंगतीत जेवली. त्यानंतर दर वर्षी मी जाते, बसते, आणि दर वर्षी विजयाची पत्रावळ शेजारी नाही हे बघत जेवते.

म्हणून या मृत्युपत्रातली माझी मुख्य इच्छा अशी, की माझ्यामागं सावरगावच्या पहिल्या पंगतीत माझ्या जागी विजयाच्या नावाची पत्रावळ मांडावी. बाग तिला कायद्यानं मिळेल. कोर्टात कुणी गेलं तरी श्रीधरपंत बघून घेतील. पण पत्रावळ कुठलंही कोर्ट मांडून देत नाही, ती घराण्यातल्या वडील माणसानंच मांडायची असते. आज ते वडील माणूस यशवंतराव आहेत.

किरकोळ राहिलं ते असं. मोरेश्वर गुरुजींना माझी छत्री द्यावी. हे विमान एक दिवस सौंसरच्या लोकांच्या डोक्यावर पडेल असं ते वाचनालयात सगळ्यांना सांगत होते, त्यांना उपयोगी पडेल. माझ्या तेरवीला आमच्या साऱ्या भाऊबंदांना चूलबंद आवतन द्यावं, म्हणजे त्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटू नये. आवतन दोन दिवस आधी पोचलं पाहिजे.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. एक श्रीधरपंत. दुसऱ्याची जागा मी मोकळी ठेवली आहे. यशवंतरावांनी तिथं सही केली तर त्यांनी सगळं मान्य केलं असं होईल. नाही केली तर कलाबाईंचा अंगठा घेईन, कागद पक्काच राहील, पण मी हरले असं मला मरेपर्यंत वाटत राहील. त्यांना उद्याच्या जेवणाचं चूलबंद आवतन मी आठ दिवसांपूर्वी धाडलेलं आहे. त्यांच्या घरची बाकी मंडळी आज संध्याकाळच्या गाडीनं येत आहेत. उद्या सकाळी विजया विमान घेऊन सावरगावला जाईल. त्यात बसायचं की नाही हे यशवंतरावांनी ठरवावं.

इथपर्यंत काल लिहिलं. आज दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करते आहे.

पंचफुला रघुनाथराव कळंबे
मुक्काम रामाकोना, तहसील सौंसर
गुरुवार, ७ जानेवारी १९६०

साक्षीदार पहिला: श्रीधर, वकील, सौंसर. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीत व राजीखुशीनं सही केली.

साक्षीदार दुसरा: मी यशवंतराव कळंबे, राहणार सावरगाव. वहिनीनं माझ्यासमोर सही केली. कागद श्रीधरपंतांनी वाचला तो ऐकला, मग मी स्वतः वाचला. पत्रावळीची आणि आवतनाची हकिकत लिहिली आहे तशीच आहे. मी विमानातून आलो. डोळे मिटले नाहीत, विजयाला विचारावं. पत्रावळीबद्दल लिहितो की वहिनीच्या मरणाची वाट मी पाहणार नाही. येत्या रविवारी सावरगावला पहिल्या पंगतीत वहिनीची आणि विजयाची, अशा दोन पत्रावळी मी माझ्या हातानं मांडीन. आवतन आताच तोंडी दिलं आहे, इथंही लिहून देतो.

यशवंतराव कळंबे