तिसऱ्यांदा टोचण्याआधी

बाई,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: शीर सापडत नसेल, तर दोन प्रयत्नांनंतर त्याच माणसाने तिसऱ्यांदा टोचू नये, मग त्याचा अनुभव कितीही असो. निवृत्तीनंतरही मी पालघरला परिचारिकांना शिकवायला जाते. परवा वर्गात एकीने विचारले, "मॅडम, दोनदाच का? तिसऱ्या खेपेला गावली तर?" प्रश्न योग्य होता. मी कारणे दिली. मुख्य पुरावा दिला नाही.

पहिला पुरावा तुमचाच. मी तुमच्या हाताखाली शिकत असताना बोईसरच्या वॉर्डात केळव्याची एक मासळीवाली जुलाब-उलट्यांनी पार सुकून आली होती. सलाइन तातडीने सुरू व्हायला हवे होते आणि माझ्या दोन सुया वाया गेल्या होत्या. डोळे न उघडताच ती म्हणाली, "हात हाय माजा, बोंबील नाय. किती टोचशील, बाय?" तुम्ही मला बाजूला केलेत, तिचा हात खाटेखाली लोंबता सोडलात, गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर ठेवलेत आणि स्टुलावर बसून विचारलेत, "मागच्या वेळी सलाइन कुठं लागलं होतं गं?" तिने डाव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला बोट टेकवले. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तुम्ही चाचपून पाहिलेत आणि एकाच प्रयत्नात सुई लागली. बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणालात, "तू तिचा हात पाहिलास. तिला विचारलं नाहीस."

एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. कुणी म्हणेल, तिथे माझा अनुभव कमी पडला. म्हणून दुसरे उदाहरण, जिथे अनुभव भरपूर होता.

बऱ्याच वर्षांनंतर तुम्हीच खाटेवर आहात. ताप उतरत नाही, शिरेतून द्यायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली आहे आणि वॉर्ड माझ्या ताब्यात आहे. वयाने तुमची कातडी पातळ झालेली. पहिली शीर फुटते, दुसरी सुईखालून सरकते. शेजारी बेटेगावची सिस्टर उभी आहे. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा तिला चटकन सापडतात, हे साऱ्या वॉर्डला माहीत आहे.

"मॅडम, मी बघू?"

"नको."

तुम्ही हसता. "दे गं तिला. तुझी परीक्षा कधीच झाली."

मी तिसऱ्यांदा टोचते. चौथ्यांदाही. तुम्ही तोंड भिंतीकडे वळवता, तेव्हा कुठे मी सुई खाली ठेवते. मग बेटेगावची सिस्टर तुमचा हात शेकते, तुम्हाला विचारते, आणि पहिल्याच प्रयत्नात तिला शीर सापडते.

तुम्हाला इतर कुणी टोचू नये, ही माझी कृतज्ञता, असे तेव्हा मी स्वतःला सांगितले. हा युक्तिवाद टिकत नाही. कृतज्ञतेला तुमचे दोन्ही हात सुजवायची गरज नव्हती. मला तुमच्यासमोर हरायचे नव्हते, इतकेच. तुम्ही बऱ्या होऊन घरी गेलात आणि पुढे कधी तो विषय काढला नाहीत. त्यामुळे माझी चूक कमी होत नाही.

हे पत्र त्या वर्गात वाचून दाखवावे म्हणून लिहायला घेतले होते. आता दिसते की तेवढे धैर्य माझ्यात नाही. ते टेबलाच्या खणातच राहील. निदान कागदावर तरी तुम्हाला पूर्ण सांगते: त्या दिवशी तुमच्या केसपेपरवर मी 'दोन प्रयत्न' असे लिहिले. चार होते.

तुमची विद्यार्थिनी