शेगडी काढून नेल्यावर

टू हार्बर्स,
२३ फेब्रुवारी

प्रिय डार्सी,

तू आणि कॉलिन ठीक असाल, पोटातलं बाळ तुला झोपू देत असेल, अशी आशा करते. इकडे थंडी हटायला तयार नाही. सरोवर काठापासून नजर पोचेल तिथवर गोठलंय. मी चालवते ती शाळेची बस सकाळी सुरू होताना म्हाताऱ्यासारखी खोकते आणि मागे बसलेली पोरं तिची नक्कल करतात. वेलदोड्याचा पाव केला होता, यंदा बरा फुगला. बाबा बरे आहेत.

"बाबा बरे आहेत" हे मी तुला डिसेंबरपासून दर रविवारी सांगतेय. आता ते वाक्य तोंडातून निघालं की माझं मलाच कसंतरी होतं.

गेल्या रविवारी तू जे बोललीस, त्यासाठी हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी ओरडते, मग तू रडतेस आणि शेवटी माफी मीच मागते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू म्हणालीस, "बघ मार्लिस, मी ती शेगडी काढली म्हणून बाबा आज सुखरूप आहेत. तू केवढी भांडली होतीस माझ्याशी!" मागे कॉलिन हसलेला मला ऐकू आला. मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ एकच बशी पुसत उभी राहिले.

तर आता ऐक.

गॅरेजात बाबा सुतारकाम करतात तिथल्या शेगडीचं धुराडं गंजलं होतं, हे खरं. विम्याचा माणूस कुरकुर करत होता, हेही खरं. तुझं तेवढं बरोबर होतं आणि ते मी तेव्हाही कबूल केलं होतं. पण गंजलेलं धुराडं बदलतात, डार्सी. तू ऑक्टोबरात अख्खी शेगडी उचलून नेलीस. बाबांनी तेलाच्या पिंपापासून स्वतः केलेली शेगडी. तीही कधी? ते सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बसले असताना, दोन माणसं बोलावून. घामाघूम अंगाने, पंचा गुंडाळून ते बाहेर आले, तेव्हा ती ट्रकवर चढत होती. तुला वाटलं ते काहीच बोलले नाहीत म्हणजे त्यांना पटलं. तू गेल्यावर ते मला म्हणाले, "पोरीनं काहीतरी विचार करूनच केलं असेल." आणि गॅरेजात जाऊन शेगडीच्या रिकाम्या जागेवरची राख झाडत बसले.

तू ठेवून गेलीस तो विजेचा हीटर. "नुसतं बटण दाबायचं, बाबा!" खाली काँक्रीटची फरशी, भिंतींत काही भरलेलं नाही, मोठ्या दाराखालून वारा शिट्टी मारत येतो. तो हीटर त्यांचे गुडघे शेकायचा आणि पाठ बर्फ व्हायची. नोव्हेंबरचं विजेचं बिल आलं. मग त्यांनी तुला फोन केला. आठवतं काय म्हणालीस? "मग स्वेटर घाला ना, बाबा. नाहीतर हिवाळाभर काम बंद ठेवा. या वयात कशाला हवी ती ठोकाठोक?"

फोन ठेवून ते हसले. "डार्सी म्हणते स्वेटर घाला." त्यांनी दोन घातले.

काम बंद का ठेवलं नाही, ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय. पण मी सांगणार आहे.

डिसेंबर लागला तसं त्यांनी आधी फटी बुजवल्या. दाराखाली जुनी घोंगडी कोंबली, मागच्या खिडकीवर प्लास्टिक ठोकलं, बाजूच्या दाराच्या कडांना चिकटपट्टी लावली. मग गोठलेल्या सरोवरावरच्या मासेमारीच्या झोपडीतला रॉकेलचा जुना हीटर काढून आणला. शेजारचा व्हर्जिल कुंपणावरून बाबांना ओरडला, "रायनो, खिडकी उघडी ठेव रे बाबा! झोपडीच्या भिंतींना भोकं आहेत, तुझ्या गॅरेजाला तू एकही ठेवलं नाहीस!" बाबांनी पहिल्या दिवशी पुढची खिडकी उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी पारा आणखी उतरला आणि त्यांनी ती लावून घेतली.

त्याच दिवशी मी शाळेच्या पोरांना घरी सोडून बस लावली आणि दुपारीच त्यांच्याकडे गेले. गॅरेजची काच आतून घामेजली होती. बरं वाटलं बघ मला. म्हटलं, चला, आज ऊब आहे आत. दार उघडलं तर ते स्टुलावर बसलेले, डोकं कामाच्या टेबलावर टेकलेलं. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हटलं, "अहो, बाबा, इथे काय झोपता?" हात लावला तर हात खाली लोंबला.

बंद जागेत रॉकेल जळून होणाऱ्या त्या विषारी वायूला वास नसतो, डार्सी. नसतो.

मी त्यांना काखेत धरून फरफटत बर्फात काढलं. त्यांचा एक बूट दाराशी अडकून राहिला. व्हर्जिल धावत आला. इस्पितळाची गाडी येईपर्यंत मी त्यांच्या थोबाडीत मारत होते, आपल्या बाबांच्या, आणि शिव्या देत होते. त्यांना नाही. तुला.

डुलुथच्या इस्पितळात त्यांना शुद्ध आली, तेव्हा तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. त्यांनी तो बाजूला सारला. नर्स रागावली. मला वाटलं पाणी मागतायत. ते म्हणाले, "डार्सीला सांगू नकोस. या दिवसांत तिला धक्का नको. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

मी म्हटलं, "मग कुणामुळे झालं?"

तर ते म्हणाले, "माझ्यामुळे. खिडकी मी लावली."

आणि माझ्याकडून शब्द घेतला. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, त्यांना का देत नाहीस म्हणून विचारलंस. मी म्हटलं, झोपलेत. नाताळला तुम्ही आला नाहीत, रस्ते खराब म्हणून, तेव्हा मी पहिल्यांदाच बर्फाचे आभार मानले. त्यांना पाहिलं असतंस तर कळलं असतं. हात थरथरतात. रंध्याला रंधा म्हणायचं आठवत नाही, "ते, ते, सपाट करायचं" म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. डॉक्टर म्हणतात, काही परत येईल, काही येणार नाही.

आणि तू म्हणतेस, सुखरूप.

जानेवारीत व्हर्जिलने त्याच्या शिकारीच्या खोपीतली लहान लोखंडी शेगडी आणून दिली. धुराडं नवं घेतलं, भिंतीतून बाहेर काढून छताच्या वर नेलं. विम्याच्या माणसाला मीच बोलावलं. त्याने आमच्या डोक्यावर उभं राहून भिंतीपासूनचं अंतर मोजून घेतलं आणि सही केली. एवढंच करायचं होतं ऑक्टोबरात. मोठ्या दाराला आतून फोमचे तक्ते लावले. व्हर्जिल म्हणाला, "अख्खं गॅरेज कशाला तापवता? म्हातारा बसणार कोपऱ्यात आणि तुम्ही गाव तापवणार?" म्हणून मधोमध प्लायवुडची भिंत घातली आणि अर्धंच तापवतो. आपल्याच पडलेल्या बर्चच्या झाडांची लाकडं जाळतो, पैसा लागत नाही. विषारी वायूची सूचना देणारी घंटी टांगलीय. घरात पाव करपला तरी वाजेल या भीतीने बाबा तिच्याकडे संशयाने बघतात. आत अंगातलं जॅकेट काढून काम करता येतं. आणि लाकूड चिकटवायचा सरस नीट धरतो.

सरसासाठीच चाललं होतं सगळं. थंडीत सरस धरत नाही, सांधा सुटतो. बाबा स्वतःसाठी ऊब शोधत नव्हते, डार्सी. ते तुझ्या बाळाचा पाळणा करत होते. मेपलच्या लाकडाचा. तू इतकी वर्षं वाट पाहिलीस, दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आलीस, तेव्हा ते तुझ्याशी एक शब्द बोलू शकले नव्हते. या वेळी बोलायच्याऐवजी पाळणा करायला बसले. त्या दिवशी टेबलावर डोकं टेकलेलं होतं, त्याच्या शेजारीच पाळण्याची एक बाजू शिकंज्यात आवळलेली होती.

तीन बाजू त्यांच्या हातच्या आहेत. चौथी त्यांना करवेना. करवत धरली की थरथर, आणि मग करवत ठेवून बाहेर बर्फाकडे बघत बसायचे. एके दिवशी मीच करवत उचलली. मला यातलं काय येतंय? ते स्टुलावर बसून, "थांब. तिरकी चाललीस. श्वास घे. आता," असं सांगत गेले. एका कोपऱ्यात फट राहिलीच. मी म्हटलं पुन्हा करते. ते म्हणाले, "राहू दे. बाळाला काय कळतंय."

पाळणा तयार आहे. माझा राग मात्र गेलेला नाही. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे; तू ठरवतेस आणि निघून जातेस, आणि मागे जे राहतं ते उचलायला मी असते. याचाच राग आहे. शेगडीचा फार थोडा.

बाबांना दिलेला शब्द आज मी मोडला. ते त्यांना कधीही कळता कामा नये. मार्चमध्ये ये, माणसं पाठवू नकोस, स्वतः ये. पाळणा पाहून दचक, हस, रड, काय करायचं ते कर. त्यांचे हात थरथरताना दिसले तर विचारू नकोस. त्यांनी बशी सांडली तर फडकं तू आण. तुला यातलं काही माहीत नाही, असं त्यांना वाटत राहू दे. मी दोन महिने हसत खोटं बोलले. आता तुझी पाळी.

रागावलेली, आणि तरी तुझीच,
मार्लिस