मिरची टनेलमध्ये जात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कडक ट्रेनिंग. २३ तारखेला पुण्यात डॉग अजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची स्पर्धा. मिरची उड्या मारते त्या बघत राहाव्यात. उंच फळीवरून तर बिनधास्त धावते. घोडं अडलंय फक्त टनेलपाशी. त्या कापडी बोगद्याच्या तोंडाशी येते, आत डोकावते आणि मागे फिरते. गावठी जात, पण भित्री. इलाज सोपा आहे. ट्रेनर निडर असला की कुत्रा आपोआप निडर होतो. रोज सकाळी सहाला, मखमलाबादला, रावजींच्या मोकळ्या रानात.

४ नोव्हेंबर
रान रावजींचं, शेजारी त्यांचीच शेवंती, पलीकडे कुणाचा तरी ऊस. रावजी म्हणाले, "सर, उसात बिबट्या हाय. राती आमचा मोत्या नेला." मोत्या म्हणजे त्यांचा राखणीचा कुत्रा. मी म्हणालो, बिबट्या माणसाला घाबरतो. ते म्हणाले, "त्याला सांगितलंय का कुनी तसं?"
मी हसलो. ट्रेनिंग मात्र नऊला ठेवलं. सकाळी दव असतं, कुत्र्याचे पाय घसरतात. बिबट्याचा काही संबंध नाही.

७ नोव्हेंबर
वेळ साडेदहा. कोवळं ऊन चांगलं. (कोवळं नव्हतं.)
उसाकडे पाठ करणं जमत नाही, म्हणून उसाकडे तोंड करून शिकवतो. मिरची मागे काय करते ते दिसत नाही, पण विश्वास हवा. प्रतिभाताईंनी विचारलं, सर, तुम्ही मोटरच्या खोलीच्या दारातूनच का ओरडता? त्या माझ्या क्लासच्या एकुलत्या एक मेंबर, लॅब्रॅडॉरवाल्या. म्हणालो, याला डिस्टन्स हँडलिंग म्हणतात, परदेशात असंच करतात. त्यांना पटलं. त्यांच्या कुत्र्याला सर्दी झालीय, उद्यापासून येणार नाहीत.

१० नोव्हेंबर
सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस. मिरचीने चेअरमनची नवी गाडी अडथळा समजून पार केली. क्लीन जंप. पार्किंग बंद.
संध्या म्हणाली, "एवढी भीती वाटते तर स्पर्धा राहू द्या ना."
भीती? मला? मी मिरचीचा विचार करतोय. बायकोला खेळातलं कळत नाही. उद्या पुन्हा रावजींचं रान. नक्की.

११ नोव्हेंबर
गुडघा दुखतोय. उद्या नक्की.

१४ नोव्हेंबर, दुपार

आज गेलो. मी आणि मिरची, दोघंच. ऊस सळसळला. वारा नव्हता. मिरचीच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि पिवळं काहीतरी बांधावर येऊन बसलं. बसलं म्हणजे अगदी निवांत. आमच्याकडे बघत.
पुढचं सलग आठवत नाही. भानावर आलो तेव्हा अंधार होता आणि कापड माझ्या श्वासाने हलत होतं. मी टनेलमध्ये होतो. मिरची बाहेर. टनेलच्या तोंडाशी उभी राहून भुंकत होती. असं भुंकताना तिला कधी ऐकलं नव्हतं. मी तिला हाक मारायला हवी होती. मी पाय आणखी आत ओढून घेतले.
मग सगळं शांत झालं. मला वाटलं, संपलं. मिरची गेली.
मग कानाला ओलं नाक लागलं. मिरची आत आली होती! अख्खी! शेपटीसकट!
बाहेर रावजी ओरडत होते, "सर, गेला तो! कुत्रीनं हाकलला. तुमी कुठं हाय?"


१५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. मुद्दा असा की मिरची टनेलमध्ये गेली. ट्रेनरने स्वतः आत जाऊन दाखवायचं, ही माझी नवी पद्धत. संध्याला एवढंच सांगितलं. रावजींना म्हणालो, बाकीचं कुणाला सांगू नका. ते म्हणाले, कुनाला नाय सांगत. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने विचारलं, "सर, आत जागा पुरते का?"
रात्री मिरची उशाशी झोपली. मी तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळतो. थकवा असेल.

२२ नोव्हेंबर
पुण्यात पोचलो. टनेलची प्रॅक्टिस पुन्हा केली नाही. एकदा आलं म्हणजे आलं. शिवाय रावजींच्या रानात हल्ली दव फार पडतं.  उद्या पदक.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
मिरचीने उड्यांचा एकही दांडा पाडला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. संध्या उभी राहिली होती.
मग टनेल आलं. मी जोरात ओरडलो, "आत!"
मिरची टनेलच्या तोंडाशी थांबली. वळली. टनेलकडे पाठ केली, पाय रोवले आणि समोरच्या सगळ्या गर्दीवर भुंकायला लागली. मधूनच माझ्याकडे बघायची. पुन्हा भुंकायची.
जजबाई म्हणाल्या, "सर, तिला आत पाठवा."
मी म्हणालो, ती माझ्यासाठी थांबलीय.
त्यांना कळलं नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली. मी पट्टा लावायला गेलो तर ती जागची हलेना, भुंकणंही थांबेना. पुढचा स्पर्धक खोळंबला होता. सगळं मैदान बघत होतं.
शेवटी मी गुडघ्यावर बसलो आणि आत शिरलो. मगच ती गप्प झाली.