पाचवा खिळा

आबा,

परवापासून इथल्या भिंतीवरचा खिळा रिकामा आहे, आणि बराकीतली माणसं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतायत. एकानं चहा पिताना विचारलंसुद्धा, "काय दादा, आता कुठली टीम?" मी म्हटलं, कुठलीच नाही. तो हसला. त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसू नये असाच माझा इतिहास आहे. इथे ओरिसात, नवा पोलाद कारखाना उभा राहतोय तिथं, मला दीड वर्ष होत आलं. तुम्ही गेल्यापासूनची ही माझी पाचवी जागा. इगतपुरी झालं, भुसावळ झालं, नागपूर झालं, खडगपूर झालं. मराठी बोलणारा एक मुकादम होता तो दिवाळीनंतर गेला. तेव्हापासून मराठी मी मनातच बोलतो, आणि आज रविवार म्हणून हे लिहायला बसलोय. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, रूळ वाकडे पडलेत.

रिकाम्या खिळ्याचा अर्थ ह्या लोकांना मीच शिकवला, ही माझीच चूक. इथेही कामगारांची एक टीम आहे, मी बॅक खेळतो, बरा खेळतो. एका संध्याकाळी बोलता बोलता आपल्या कल्याणच्या घरातल्या अकरा खिळ्यांची गोष्ट सांगून बसलो. चुलीमागची ती भिंत बारा महिने कोमट असायची, म्हणून रेल्वे शेडच्या हॉकी टीमच्या स्टिका तुम्ही तिथं टांगायचात. तुम्ही शेडमधले फिटर, दिवसभर इंजिनाखाली पडून बोल्ट आवळायचे आणि सुट्टीच्या दिवशी मांडी घालून स्टिकांना जवसाचं तेल पाजायचं, मुठीवर मेणाची सुतळी बांधायची. पहिला खिळा गोलीचा, मग दोन बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड. खेळाडूंना तुम्ही नावानं कधी हाकच मारली नाहीत. "लेफ्ट-इनला म्हणावं स्टिक भिजवू नकोस," "गोलीच्या पोराला गोवर आलाय." आई वैतागायची. "माझ्या कढीला जवसाचा वास येतो," म्हणायची. पण एखादी स्टिक वाकडी टांगलेली दिसली की पिठाच्या हातानंच सरळ करायची.

आणि ती खिडकी. भिंतीसमोरची खिडकी गल्लीत उघडायची, आणि पावसाळा सरून खेळाचे दिवस जवळ आले की तिथं माणसं यायला लागायची, खिळे मोजायला. कारण सगळ्या कल्याणला रीत माहीत होती. ठाण्याची गिरणी, मुंबईच्या गिरण्या, दरवर्षी आमची माणसं उचलायच्या. इकडे फायरमन म्हणून कोळसा ओढणाऱ्याला तिकडे सावलीतलं काम, वर ठाण्याच्या कोपरीत खोली. जाणारा माणूस चिठ्ठी लिहीत नसे, चिठ्ठी साहेबाच्या हाती लागायची भीती. तो कुणाच्या तरी हाती आपली स्टिक पाठवायचा. स्टिक आली म्हणजे माणूस यायला तयार आहे. तिकडचे ती बघून परत धाडायचे आणि सोबत सांगायचे, अमक्या वारी ये. म्हणून खिळा रिकामा दिसला की बातमी. कॉलनीतला न्हावी आणि तो पान खाणारा पॉइंट्समन, दोघं तर खिडकीला टेकूनच असत.

"राइट-आउट यंदा जातोय बघ."

"कशावरून? स्टिक तर आहे."

"आहे, पण टांगायची पद्धत बघ. मन नाही तिचं."

"तुझ्या वस्तऱ्यालाच मन नाही. काल कान कापलास माझा."

आई आतून ओरडायची, "बाईमाणूस भाकऱ्या थापतंय आणि हे मेले खिडकीत. बायका नाहीत का घरी?" पॉइंट्समन म्हणायचा, "वहिनी, एवढंच सांगा, सेंटर-हाफ राहतोय ना?" आणि आई म्हणायची, "राहतोय. काल इथंच जेवलाय."

तो राहतच होता, आबा. फाळणीनंतरचा दुसरा हिवाळा. टीममधले चारजण त्याआधीच गेलेले, दोन विलायतेला, दोन कराचीला. सेंटर-हाफच्या घरचेही अर्धे कराचीला गेले, पण तो आणि त्याची अम्मा दूधनाक्यावरच्या घरात राहिले. तुम्हाला तो चाचा म्हणायचा, आईला चाची. मला बॉल थांबवायला त्यानंच शिकवला, यार्डामागच्या मोकळ्या जागेत. मी एकोणीस वर्षांचा, शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलेलो, आणि मला गिरणीच्या टीममध्ये जायचं होतं. कुठंही जायचं होतं खरं तर. तुमच्याकडे मी स्टिक मागितली तेव्हा तुम्ही सुतळी दातात धरून म्हणालात, "आधी पाय एका जागी ठेवायला शीक. मग स्टिक." हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणूनच ते इतकं लागलं.

तो रविवार मला अजून तसाच दिसतो. तुम्ही कसाऱ्याला, गाडी घसरलेली म्हणून बोलावणं आलंय. आई चतुर्थीची टिटवाळ्याला गेलीय. चूल विझलीय, भिंत कोमट आहे. मी पाचव्या खिळ्यावरची, सेंटर-हाफची स्टिक काढतो. सगळ्यांत चांगली तीच. माझ्या डोक्यात एवढंच, की हिच्याबरोबर मी चांगला खेळेन, आणि संध्याकाळच्या आत परत लावीन. खिडकी लावून घ्यायचं सुचत नाही.

ठाण्याला गिरणीचं मैदान खाडीकडे. जमीन खारी, वाळली की वर पांढरं येतं. पोरं निवडायला गिरणीचा जॉबर, कामाला माणसं भरणारा, उभा होता, जाडजूड माणूस, हातात छत्री. त्यानं माझ्याकडे नाही, स्टिककडे बघितलं. मूठ फिरवून फिरवून बघितली.

"ही सुतळी कल्याणची," म्हणाला. "सेंटर-हाफची स्टिक आहे ना ही?"

मी म्हटलं, हो.

"त्यानं पाठवलीय?"

आबा, इथंच मी नाही म्हणायला हवं होतं. मला वाटलं, नाही म्हटलं तर हा म्हणेल चोरून आणलीस, आणि मला मैदानात उतरवायचाच नाही. मी मान हलवली. कशी हलवली ते मला ठाऊक आहे. त्यानं मला दहा मिनिटं खेळवलं, मग शिट्टी मारून बाहेर बोलावलं. "पोरा, तू धावतोस लई. बॉल मात्र तुझ्याबरोबर येत नाही," म्हणाला. आणि वर म्हणाला, "स्टिकवाल्याला सांग, सोमवारी ये."

मी परत येईस्तोवर कल्याणला सगळं होऊन गेलेलं. न्हाव्यानं दुपारी खिळा बघितला. पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. ती टिटवाळ्याहून आली तेव्हा खिडकीत आठदहा माणसं. "गिरणी," पॉइंट्समन म्हणतोय. "गिरणी कसली, कराची," न्हावी म्हणतोय, "त्याचा मावसभाऊ गेलाच की." त्यावर पॉइंट्समन, "अरे येड्या, स्टिका बनतातच तिकडे, सियालकोटला. तिकडे स्टिक पाठवायची म्हणजे रत्नागिरीला आंबे धाडायचे." लोक हसले. पण आईनं सांगितलं, हसून झाल्यावर कराचीचीच गोष्ट चालू राहिली. तेवढ्यात तुम्ही कसाऱ्याहून आलात, आणि तुमच्यामागोमाग तो आला.

"चाचा, लोक काय बोलतायत? माझी स्टिक दिसत नाय."

तुम्ही खिळ्याकडे बघितलंत. मी घरात नाही हेही बघितलं असणार. आणि म्हणालात, "तेलात ठेवलीय. उद्या ने."

स्टिकांच्या बाबतीत तुम्ही खोटं बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं. मी अंधार पडता पडता आलो, स्टिक खिळ्याला लावली आणि मोरीत पाय धुवायला गेलो. मोरीतून मला दिसतंय, तुम्ही स्टिक उतरवता. टोकाला खाडीकाठचं पांढरं लागलंय. तुम्ही ते अंगठ्यानं पुसता, जिभेला लावता. मग ओलं फडकं घेऊन सगळी स्टिक पुसून काढता. मी वाट बघतोय, आज मार बसेल, शिवी बसेल. तुम्ही म्हणता, "जेवून घे."

दुसऱ्या दिवशी तो आला. स्टिक हातात घेऊन त्यानं दांड्यावरून बोट फिरवलं. तेल प्यालेल्या स्टिकचा स्पर्श त्याला कळत नव्हता का? कोरडी होती ती. त्यानं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही चुलीकडे. मी दाराशी उभा. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं सगळं. तो स्टिक घेऊन गेला. शनिवारी बोर्डावर टीमची यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. त्यानं टीमच्या कमिटीच्या कारकुनाला विचारलं, "मी कुठं जाणार होतो?" कारकून म्हणाला, "आम्ही ऐकलं." "कुणाकडून?" "सगळ्यांकडून." आणि गिरणीतूनही तेच आलेलं, की त्याची स्टिक फिटरच्या घरातून आली, फिटरचा माणूस घेऊन आला. मग त्याला दुसरं काय वाटणार? त्याला वाटलं, चाचानं मला विकलं. कराचीच्या गोष्टीनं दूधनाक्यावर त्याच्या अम्माला पाणी भरायला जाणं नकोसं केलेलं. महिन्याच्या आत तो गिरणीत लागला, अम्माला घेऊन कोपरीला गेला. न्हावी म्हणाला, "बघा, मी म्हटलंच होतं." त्यानं म्हटलं होतं कराची, पण ते आता कुणाला आठवत नव्हतं.

त्या मोसमात तो आमच्याविरुद्ध खेळला आणि आम्ही हरलो. खेळ संपल्यावर सगळ्यांचे हात हातात घेतले, तुमच्यापुढून निघून गेला. तुम्ही मैदानावर रेघा मारायच्या चुन्याची बादली घेऊन उभे होतात. घरी येऊन तुम्ही पेटीतून तुमची स्वतःची जुनी स्टिक काढलीत, तरुणपणची, टोक झिजलेली, आणि पाचव्या खिळ्याला टांगलीत. खिडकीत नवं प्रकरण सुरू झालं. "सेंटर-हाफ परत येतोय." "ती त्याची नाही, म्हाताऱ्याची आहे." "मग का टांगली?" दोन वर्षं ती तिथं होती. तुम्ही कुणालाही कारण सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

छातीत कोळसा बसलाय असं डॉक्टर म्हणाले तो शेवटचा हिवाळा. तुम्ही उठून बसायचात तेव्हा भिंतीला पाठ लावून बसायचात, ऊब लागते म्हणून. एक दिवस मला म्हणालात, "ती काढ खाली." मी काढली. तुमच्या बोटांत जोर नव्हता, तरी सुतळी तुम्हीच बांधलीत, सबंध दुपार लागली. मग माझ्या मांडीवर ठेवलीत. "त्याची जागा फार दिवस अडवून ठेवली. तू घे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आबा, पाणी देऊ?" तुम्ही म्हणालात, दे.

तुमच्या मयताला सगळी टीम आली, न्हावी आणि पॉइंट्समननं खांदा दिला. तो आला नाही. कोपरी काही लांब नाही. आई मरेपर्यंत म्हणत होती, "त्याला कळलं नसेल." त्याला कळलं होतं. मीही त्यानंतर तेरा दिवसांनी इगतपुरीला गेलो. तेव्हापासून जातोच आहे. लोकांना वाटतं, ह्याला जास्त पगार हवा, चांगली टीम हवी. वाटू दे. जिथं जातो तिथं पहिल्या दिवशी खिळा ठोकतो आणि तुमची स्टिक लावतो, आणि कुणीतरी विचारतं कुणाची, की मला तिथून निघावंसं वाटायला लागतं.

परवा मी ती काढली. तेल पाजलं, सेंटर-हाफला पाठवायला गोणपाटात शिवली. चिठ्ठी घातली नाही. तो जुना माणूस आहे, रीत विसरला नसेल. स्टिक आली म्हणजे माणूस यायला तयार आहे, एवढं त्याला कळेल. आणि सुतळी बघून कुणाच्या घरातून आली तेही. मग समोर बसून सांगेन, पाठवली होती ती तुम्ही नाही, मान हलवली ती मी. हे पत्र मात्र कुठं टाकणार? तुम्हाला ते माहीतच होतं, अंगठा जिभेला लावलात तेव्हापासून.

गोणपाटावर मी फक्त "कोपरी, ठाणे" एवढंच लिहिलंय. पार्सल बाबू म्हणाला, पुढचा पत्ता लिही. मी म्हटलं, ठाऊक नाही, आणि परत घेऊन आलो. आता ते खाटेखाली आहे. ठाऊक आहे, आबा. विहिरीशेजारची चाळ, जिन्याखालची खोली, दाराला हिरवा रंग. दोनदा त्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरलोय.