कोऱ्या अंगाचे मासे

१० एप्रिल, लातूर
पाडव्याला उदगीरला घरी होते. आज लॅबमध्ये येते तर टाकीत सगळे मासे उलटे. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असतं; पाणी दिवसभर उघडं ठेवून, वास गेला की मगच टाकीत घालायचं. शिवलिंगनं ताजंच ओतलं. माझ्याबरोबरच पीएच.डी. करतो, त्याला कळू नये? मदत म्हणून केलं म्हणे. माझे कोऱ्या अंगाचे मासे! एका बिघडलेल्या जनुकामुळे अंगावर काळ्या रंगाच्या पेशीच न बनणारे. सगळा प्रबंध त्यांच्यावर.

११ एप्रिल
गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "त्यांची पट्टेवाली भावंडं कुठायत?" ती बिनकामाची म्हणून नांदेडला मावशीला देऊन टाकलेली, तिच्या शोकेसमधल्या काचेच्या टाकीत! अंगावर पट्टे असले तरी कित्येकांत ते जनुक दडलेलं असणारच. माझं डोकं कुठं चरायला गेलं होतं?
फोनवर आईला सांगितलं. म्हणाली, "तसंच की गं. तुझ्या आज्याचे डोळे घारे, बापाचे काळे, अन् धाकटीचे परत घारे." मग उदगीर जिल्हा होणार म्हणतात त्यावर घसरली. आधी नळाला पाणी आणा म्हणावं.

१२ एप्रिल
नांदेडहून मासे आणले. पिशवी मांडीवर. लोह्याला कंडक्टर म्हणाला, "माणसाला पाणी न्हाई ताई, अन् तुम्ही मासे फिरवून राहिलात." लाज वाटली. खरंच.

१५ एप्रिल
पहिल्या जोडीची पिल्लं. एकूण एक काळ्या ठिपक्यांची, म्हणजे पुढं पट्टेवालीच होणार. म्हणजे दोघांपैकी एकात तरी ते जनुक नाही. जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल
दुसरी जोडी. दोघंही पट्टेवाले, आणि पिल्लांत साधारण चौथा हिस्सा... डोळे तेवढे काळे, अंग कोरं!! हुश्श. सूक्ष्मदर्शकावरच रडले. मग हाक मारली ती शिवलिंगलाच, दुसरं होतंच कोण. त्यानं पाहिलं, डोळे पुसून परत पाहिलं. सोमवार धरलेत म्हणाला, माशांसाठी. हसू आलं. किती हलकं वाटतंय.

२० एप्रिल
काही कोरी पिल्लं गेली, बाकीची पोहतायत. मोठी होतील का, देव जाणे. टँकर आला. शिवलिंग दारातच उभा, टाकीजवळ येईना. शेवटी मीच पाण्याचा मग त्याच्या हातात दिला. घाल म्हटलं, बादलीतलं कालपासून उघडं ठेवलेलंच आहे. त्यानं बादलीत नाक घालून वास घेतला.
"आजचा दिस ऱ्हाऊ दे अजून," म्हणाला.